गणवेशाची बाही आणि फॅशनचं शिक्षण

(नांदगाव खंडेश्वर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समीक्षा म्हटली की आपल्याकडे कविता, कादंबरी, फार तर नाटक-सिनेमा. आज आम्ही शाळेच्या गणवेशाच्या शर्टाची समीक्षा करणार आहोत. आयोजकांनी दिलेला विषय होता, 'फॅशनमध्ये करिअर करायचं तर काय शिकावं'. विषय देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा रॅम्प असणार. आमच्या डोळ्यांसमोर बाही आहे. (हशा) पण विषय सोडणार नाही. बाहीवरून फिरून तिथंच येऊ.

आधी एक हकिगत. याच तालुक्यातली मुलगी, नाव सांगत नाही. बारावीनंतर तिनं एका खासगी संस्थेत एक वर्षाचा फॅशन डिझायनिंगचा कोर्स केला. फी भरायला घरच्यांनी त्या वर्षीचं सोयाबीन भाव नसताना विकलं. कोर्स संपल्यावर तिची फाइल आम्ही पाहिली. सुरेख फाइल. रंगकाम स्वच्छ, आरीवर्कचे नमुने नीट चिकटवलेले. आणि पानापानावर उंच, सडपातळ बायकांची चित्रं. चित्रकलेच्या हिशेबात माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट धरतात. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोकी उंच असते, कधी दहा. अशी बाई नांदगावात नाही, पॅरिसातही नाही. चित्र म्हणून त्यात काही वावगं नाही, कापड कसं पडेल याची ती कल्पना असते. पण वर्षभर या बाईलाच कपडे घातले, तर साडेसात डोक्यांच्या बाईला घालायचे कधी?

ही फाइल घेऊन मुलगी एका कपड्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी फाइल चाळली, बाजूला ठेवली. टेबलावर एक शर्ट पसरला, हातात टेप दिला आणि म्हणाल्या, एचपीएसपासून उंची घे आणि सांग, शर्ट पास की फेल. एचपीएस म्हणजे मानेजवळचा खांद्याचा सगळ्यांत उंच बिंदू. तेवढं तिला कुणीतरी सांगितलं. तिनं मोजलं, आकडाही बरोबर आला. पुढे गप्प. आम्हाला सांगताना म्हणाली, "ताई, मले शर्ट त मोजता येते. पण पास का फेल हे कायच्यावरून ठरवाव, थे कोणी सांगतलंच नाही."

आमच्या मते या पोरीनं फॅशनच्या शिक्षणावरची सगळ्यांत नेमकी टीका एका वाक्यात केली. आमचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे असं समजा.

पास-फेल कशावरून ठरतं? कागदावरून. कारखान्यात कपडा यायच्या आधी त्याचा कागद येतो. त्याला टेक पॅक म्हणतात. त्यात कपड्याचं सपाट रेखाचित्र असतं, पुढून आणि मागून. बाई नाही, पोज नाही, नुसता कपडा, शिवणीच्या रेघांसकट. मग मापांचा तक्ता: छाती, उंची, तीरा, मुंढा, बाही, कफ, कॉलर; प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते लिहिलेलं. मग प्रत्येक मापापुढे टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल. समजा उंची 58 सेंटिमीटर लिहिली आणि पुढे एक सेंटिमीटर इकडेतिकडे अशी सूट दिली. शर्ट 58.8 भरला तर पास, साडेएकोणसाठ भरला तर फेल. इतकं साधं. पण हा कागद वाचायला शिकवलं नसेल तर टेपवरचा आकडा हा नुसता आकडाच राहतो.

टेक पॅकमध्ये आणखीही पुष्कळ असतं. कापडाचं वजन, धागा, बटणं किती आणि कोणती, लेबल कुठे, इंचाला टाके किती. टाक्यांना तर आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. 301 म्हणजे आपल्या घरच्या मशीनचा लॉकस्टिच, 504 म्हणजे तीन धाग्यांचा ओव्हरलॉक. असा क्रमांक लिहिला की तिरुपूरची बाई आणि बांगलादेशातली बाई तोच टाका घालते. भाषा यावी लागत नाही. आम्हाला ही फार सुंदर गोष्ट वाटते, पण ते असो.

हा कागद लिहिणं, त्यावरून आलेला नमुना अंगावर घालून तपासणं, कुठे झोल पडतो, कुठे ओढतं ते पाहून पॅटर्न दुरुस्त करायला सांगणं, या सगळ्याला टेक्निकल अपॅरल डिझाइन म्हणतात. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. वस्त्राचं तांत्रिक अभिकल्पन वगैरे म्हटलं तर तुम्ही उठून जाल. (हशा) आपल्या बाजारपेठेतले टेलर पॅटर्नला फर्मा म्हणतात. फर्म्याचं आणि मापाचं लेखी शास्त्र, एवढं म्हटलं तरी आजच्यापुरतं भागेल.

आता कुणी म्हणेल, हे टेलरचं काम झालं, डिझायनरचं कसं? इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या मराठी माणसाला वेषभूषा म्हटलं की भानू अथैया आठवतात, आणि आठवाव्यातच. कोल्हापूरच्या, जे. जे.त शिकलेल्या. 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह 1983 मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण मुख्य पात्राचा वेष हा एका ठरलेल्या माणसासाठी असतो. तो माणूस समोर उभा करता येतो, टाचण्या लावता येतात. तयार कपड्याचं तसं नाही. जो माणूस आपण कधी पाहिला नाही, पाहणार नाही, अशा हजारो माणसांना तो बसला पाहिजे. न पाहिलेल्या अंगासाठी कपडा करायचा तर अंदाज लागतो, अंदाजाला माप लागतं, मापाला तक्ता लागतो. पहिल्या कामाची कीर्ती मोठी, दुसऱ्या कामात नोकऱ्या जास्त. फॅशनचे कोर्स पहिल्या कामाचं चित्र दाखवून फी घेतात आणि मुलं दुसऱ्या कामाच्या दारात जाऊन उभी राहतात, असा आमचा आक्षेप आहे.

आता शर्टाकडे येऊ.

2024-25 या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्रात 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली गेली, ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सभागृहात शिक्षक दिसतायत, त्यांना तर चांगलीच माहीत असेल. (हशा) पहिली ते आठवीची, सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली लाखो मुलं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट किंवा स्कर्ट. याआधी शाळा व्यवस्थापन समिती दोन गणवेशांचे 600 रुपये घेऊन गावात किंवा तालुक्याला गणवेश करून घ्यायची. नव्या योजनेत कापड एकाच ठिकाणाहून घ्यायचं, ते कापून द्यायचं आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांतल्या बायकांनी शिवायचं असं ठरलं. स्काऊट-गाईडच्या दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापड शाळांकडे गेलं. पुढे काय झालं ते वर्तमानपत्रांत रोज येत होतं. स्वातंत्र्यदिनापर्यंत अनेक शाळांत गणवेश पोचला नाही, जो पोचला त्याची मापं जुळत नाहीत, कुणाला बाही लांब, कुणाला पँट आखूड. डिसेंबर 2024 मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

या योजनेवर टीका खूप झाली. आम्ही ती जमेल तेवढी वाचली. त्यात कंत्राट होतं, रंग होता, उशीर होता, शिलाईचा दर होता, राजकारण तर होतंच. ग्रेडिंग हा शब्द आमच्या वाचनात एकदाही आला नाही. साहित्यावरच्या टीकेत भाषा हा शब्द येऊ नये तसं हे झालं.

ग्रेडिंग म्हणजे काय, ते बाहीवरूनच सांगतो. एक फर्मा मधल्या साइझचा बनवतात. त्यावरून लहान आणि मोठे साइझ काढायचे. अनेकांना वाटतं, झेरॉक्सवर जसं 110 टक्के मोठं करतात तसं करायचं. केलं तर काय होईल? छाती दहा टक्क्यांनी वाढली, कॉलरही वाढली, खांदाही वाढला, बाहीही वाढली. पण मूल असं वाढत नाही. मुलाची छाती चार सेंटिमीटर भरली म्हणून मान चार सेंटिमीटर भरत नाही, एखादा सेंटिमीटर भरते. बाहीची लांबी उंचीबरोबर जाते, छातीबरोबर नाही. सहावीतलं एखादं पोरगं सहा महिन्यांत काठीसारखं वाढतं आणि छाती होती तिथंच असते. त्याच्याच बाकावरचं दुसरं पोरगं रुंद होतं आणि उंची थांबलेली असते. म्हणून ग्रेडिंगमध्ये प्रत्येक मापाची वाढ वेगळी लिहावी लागते. खांदा इतका, मुंढा इतका, बाही इतकी. जिथं खांदा चुकीच्या प्रमाणात वाढतो तिथं बाहीची शिवण दंडावर उतरते आणि बाही पंजावर येते. दुकानात आपण म्हणतो, शर्ट मोठा झाला. शर्ट सगळीकडून मोठा झालेला नसतो, खांद्यात झालेला असतो.

साइझ कशावरून ठरवायचा, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. इयत्तेवरून? एकाच वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करा, मग कळेल. युरोपात मुलांच्या कपड्यांवर वय लिहिलेलं असलं तरी खरा साइझ उंचीचा असतो. 110, 116, 122, 128, अशी सहा-सहा सेंटिमीटरची पायरी. 125 सेंटिमीटर उंचीचं मूल तिसरीत असो की पाचवीत, त्याला 128 चा कपडा. आता गंमत पाहा. आपल्या शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं आणि प्रत्येक मुलाची उंची आणि वजन घेतं. म्हणजे ज्या मापावरून साइझ ठरू शकतो ते माप सरकारनंच घेतलेलं, सरकारच्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. ते आरोग्याच्या कपाटात असतं. गणवेशाच्या टेबलापर्यंत ते न्यायला कुणीतरी लागतं. तसा माणूस नेमायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तसलं काही काम असतं हेच कुणाला शिकवलेलं नाही.

दोष मात्र कुणाच्या माथी? शिवणाऱ्या बायकांच्या. 'बचत गटाच्या बायांना शिवता येत नाही' हे वाक्य आम्ही स्वतः दोन-तीन ठिकाणी ऐकलं. याचा आम्हाला राग येतो. कापलेले तुकडे हातात आल्यावर शिवणारी बाई काय करू शकते? टाका वाकडा पडला तर तिची चूक. दाब कमी धरला तर तिची चूक. पण बाही लांब निघाली तर ती तिच्या मशीनवर यायच्या आधीच लांब होती. कापल्यानंतर कापड वाढत नाही आणि साइझ बदलत नाही. मोठ्या कारखान्यात म्हणूनच आधी फिट सँपल करतात, मग सगळ्या साइझचा एकेक नमुना शिवून पाहतात, त्याला साइझ सेट म्हणतात, आणि तो पास झाल्यावरच कातर चालते. या क्रमात चूक स्वस्तात सापडते. पहिल्या शर्टात सापडली तर एक शर्ट वाया, शाळेत सापडली तर सगळंच.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. लोक म्हणतील, आमचा गावचा टेलर तर कसला तक्ता न करता गणवेश शिवत होता, अन् नीट शिवत होता. खरं आहे. आम्ही इथल्या बाजारातल्या एका टेलरकाकांना विचारलं, मापं लिहून ठेवता का? ते म्हणाले, "लिवून कायले ठेवाव? हातच सांगते." त्यांच्या हाताला खरंच कळतं. पोराचा एक खांदा उतरलेला आहे हे ते टेप न लावता पाहतात. आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आया काय सांगतात? "काका, थोडा मोठाच शिवजा, पुढच्या वर्षी बी झाला पाह्यजे." मग काका पँटला खाली दोन इंच दुमड जास्त ठेवतात. शर्टाला बाजूच्या शिवणीत दाब जास्त ठेवतात. पुढच्या जूनमध्ये दुमड उसवली की पँट पुन्हा पुरते.

जरा थांबून पाहा, ही मागणी किती महत्त्वाची आहे. ज्या घरात वर्षाला दोन गणवेश हीच नव्या कपड्यांची मोठी खरेदी आहे, त्या घरासाठी वाढीची सोय हा गणवेशाचा पहिला गुण आहे. आम्हाला गणवेशाचा टेक पॅक लिहायला सांगितला तर पहिली ओळ तीच लिहू: पँटची दुमड पाच सेंटिमीटर, उसवता येईल अशी. दुसरी ओळ कापडाची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तीन टक्के आटलं तर 60 सेंटिमीटरच्या शर्टातून जवळजवळ दोन सेंटिमीटर जातात. म्हणजे आईनं मोठा मागितलेला शर्ट धुतल्यावर बरोबरीचा होतो. आटण्याचा हिशेब फर्म्यात आधीच धरला पाहिजे. आणि तिसरी ओळ उन्हाची. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात त्या उगाच नाही. जे कापड महाबळेश्वरच्या मुलाला चालेल ते इथल्या मुलाला एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेतसुद्धा, चालेलच असं नाही. एक राज्य असलं तरी घाम एक नाही.

टेलरकाकांना हे सगळं ठाऊक आहे. पण त्यांचं ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि हाताबरोबर जाणार आहे. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. शंभर पोरांपर्यंत ते ज्ञान पुरतं, लाखांच्या हिशेबात ते लिहिल्याशिवाय पोचत नाही. आम्ही टेलरच्या बाजूनं आहोत, पण टेलर होता तेव्हा सगळं छान होतं, असं गाणं आम्हाला गायचं नाही. शाळा समितीकडे काम परत आलं म्हणून प्रश्न सुटला, असंही आम्ही मानत नाही. काकांसारखे काका जिथं आहेत तिथं सुटला. बाकी ठिकाणी तालुक्याच्या दुकानातून तयार गठ्ठा येणार आणि त्याचंही माप कुठल्यातरी तक्त्यावरूनच निघालेलं असणार. सोलापूर पाहा. चादरी-टॉवेलांचं गाव, तिथं आता गणवेश शिवणारा मोठा उद्योग उभा आहे. तिथं फर्मा आणि ग्रेडिंग कळणाऱ्या माणसाला काम आहे.

तक्ते तरी कुठून येतात? हाही टीकेचाच विषय आहे. अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारनं सुमारे 15 हजार बायकांची मापं घेतली, एकेका बाईची 59 मापं. 1941 मध्ये त्याचा अहवाल निघाला. जगातल्या तयार कपड्यांच्या साइझमागे हे काम आहे. पण त्यात हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. म्हणजे ज्या तक्त्याला पुढे प्रमाण म्हटलं गेलं, त्यातून माणसं आधीच वगळलेली होती. आपल्याकडे निफ्टनं भारतीय मापांचं राष्ट्रीय सर्वेक्षण हाती घेतलं, अंगाचं त्रिमितीय स्कॅनिंग करून. देशातली सहा मोठी शहरं, 25 हजारांवर माणसं. आपला तक्ता आपण करायचा, हे फार चांगलं पाऊल. पण त्यातली वयाची अट पाहा: 15 ते 65. आणि गणवेश घालणारं मूल आहे सहा ते चौदा वर्षांचं. शहरांत आपल्या बाजूचं म्हणावं असं मुंबई. मुंबईच्या माणसाच्या अंगावरून मेळघाटच्या माणसाचं अंग काढायचं म्हणजे पुन्हा झेरॉक्सच.

आता नांदगावांकडे. आपल्या जिल्ह्यात नांदगाव दोन, आणि परगावच्या माणसाचा घोळ होतोच. औद्योगिक वसाहतीचं ते नांदगाव पेठ, अमरावतीच्या पलीकडे, नागपूर रस्त्यावर. खंडेश्वराचं, हेमाडपंती देवळाचं, कापूस-तुरीचं हे आपलं, अमरावतीच्या अलीकडे, यवतमाळ रस्त्यावर. त्या नांदगावच्या बाजूला पीएम मित्र पार्क होतं आहे. एक हजार एकर. देशात अशी सात, त्यातलं महाराष्ट्रातलं हे एक. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी पायाभरणी केली. या योजनेचं घोषवाक्य पाच 'एफ'चं आहे: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. शेतातून धागा, धाग्यातून कारखाना, कारखान्यातून फॅशन, फॅशनमधून परदेश.

वाक्य म्हणून ते चांगलं जमलेलं आहे, एका अक्षरावर बांधलेलं. पण टीकाकारानं यमकाच्या फटीत पाहायचं असतं. फॅक्टरी आणि फॅशन यांच्यामध्ये एक खोली आहे, जिथं टेबलावर फर्मे असतात, भिंतीला पुतळा असतो आणि कुणीतरी कागदावर मापं लिहीत असतं. ती खोली या पाचांत नाही. 'फिट' म्हटलं असतं तर 'एफ'च होता! (हशा) हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. टेक पॅक जिथं लिहिला जातो तिथं त्या खोलीचा पगार जातो. परदेशी ब्रँडचा कागद परदेशात किंवा बंगळुरू-गुरुग्रामच्या ऑफिसात लिहिला गेला आणि नांदगाव पेठेत फक्त शिवला गेला, तर आपल्या पोरींना मशीनच्या रांगा मिळतील. रांगेतलं काम हलकं नाही, आम्ही त्याला हलकं म्हणणारही नाही. पण कापूस आपला, मशीनवरचे हात आपले आणि मधली लिहिणारी खोली दुसऱ्याची, हे वऱ्हाडला नवीन नाही. कापसाचं आपण हेच करत आलो. गाठी इथून गेल्या, ठाण दुसरीकडून आलं.

मग शिकावं कुठे? आयटीआयमध्ये एक वर्षाचे ट्रेड आहेत, सुईंग टेक्नॉलॉजी, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी. नावात तिसरा भारी वाटतो म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. आमचं मत विचाराल तर ज्या पोरीला कारखान्यात जायचं आहे तिनं पहिल्या दोघांना कमी लेखू नये. शिवण हाताला आल्याशिवाय फर्मा डोक्यात येत नाही. तंत्रशिक्षण मंडळाची ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगची पदविका आहे. इचलकरंजीचं डीकेटीई 1982 पासून कापडाचं शिक्षण देतं. निफ्टमध्ये डिझाइनची पदवी आहे आणि तिच्या शेजारीच चार वर्षांची फॅशन टेक्नॉलॉजीची पदवी आहे. दुसरीला बारावीला गणित लागतं. आमच्या अनुभवात मुली अकरावीत गणित सोडतात, कारण 'फॅशनलाच तर जायचं आहे'. हे वाक्य ज्या शिक्षकांनी ऐकून घेतलं असेल त्यांनी पुढच्या वेळी ऐकून घेऊ नये, एवढी विनंती.

खासगी कोर्सबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. पण फी भरायच्या आधी आईबापांनी आत जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. कापायचं टेबल किती मोठं आहे? एकच शर्ट तीन साइझमध्ये शिवून घेता का? पॅटर्नचं सॉफ्टवेअर कोणतं, आणि ते मुलांच्या हाताला लागतं की मॅडमच्या? मागच्या वर्षीच्या मुलीनं लिहिलेला एखादा टेक पॅक दाखवा. शेवटच्या प्रश्नाला समोरून फॅशन शोचा अल्बम आला, तर चहा घेऊन परत या.

या कामात नाव होत नाही हेही सांगून टाकतो. शर्टाच्या लेबलवर ब्रँडचं नाव असतं, टेक पॅक लिहिणारीचं कधीच नसतं. कंटाळवाणं काम आहे. एकाच बाहीचं माप दिवसातून चाळीसदा घ्यायचं, ईमेल लिहायची, पुन्हा नमुना, पुन्हा ईमेल. ज्यांना टाळ्या हव्या आहेत त्यांनी इकडे येऊ नये. ती मुलाखतीतून परत आलेली मुलगी मात्र आली. सध्या ती टेलरकाकांकडे संध्याकाळी बसते. काका हातानं कापतात, ती वहीत लिहिते: वय, उंची, छाती, किती दुमड ठेवली, पुढच्या जूनमध्ये किती उसवली. काका आधी चिडायचे. आता ती आली नाही तर विचारतात, "काहून आली नाही आज पोरगी?" तिच्या वहीत साठ-सत्तर मुलांची मापं जमली आहेत. तेवढ्यानं तक्ता होत नाही, हे तिलाही माहीत आहे.

तर बोलणं पुरे. मागच्या टेबलावर आम्ही सहा शर्ट ठेवलेत, सगळ्यांवर एकाच साइझचं लेबल आहे. टेपही आहेत, आणि शेजारी मापांचा कागद टॉलरन्ससकट. शर्ट सपाट पसरा, बटणं लावा, हातानं सुरकुती काढा पण ओढू नका. छातीचं माप मुंढ्याच्या एक इंच खाली, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. पास की फेल ते लिहून चिठ्ठी डब्यात टाका. शिक्षकांनी आधी या, मुलांना लाज वाटते.